अज्ञेयवाद आणि निरीश्वरवाद

अज्ञेयवाद आणि निरीश्वरवाद या ईश्वराच्या अस्तित्वासंबंधीच्या दोन भिन्न भूमिका होत. ईश्वर आहे किंवा नाही हे मानवी बुद्धीला ज्ञात नाही, किंबहुना ते ज्ञात होणे शक्य नाही, असे अज्ञेयवाद मानतो. निरीश्वरवादी व्यक्ती ईश्वराचे अस्तित्व नाकारते किंवा त्यावर विश्वास ठेवत नाही. अज्ञेयवादाचा संबंध ज्ञानाशी, तर निरीश्वरवादाचा विश्वासाशी आहे. त्यामुळे एकच व्यक्ती दोन्ही भूमिका घेऊ शकते. व्यवहारात मात्र दोघांनाही सरसकट ‘नास्तिक’ म्हटले जाते.

‘नास्तिक’ या शब्दाचा अर्थ

भारतीय दर्शनपरंपरेत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, असा अर्थ रूढ होता. त्यानुसार चार्वाक, बौद्ध व जैन ही नास्तिक दर्शने गणली जातात. सांख्य व पूर्वमीमांसा ही दर्शने जगत्कर्ता ईश्वर मानत नाहीत. तरीही वेदप्रामाण्य स्वीकारत असल्याने ती आस्तिक ठरतात. आजच्या मराठीत ‘देव न मानणारा’ हाच अर्थ प्रचलित आहे. जुने ग्रंथ वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

इतिहास

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात सृष्टीच्या उत्पत्तीचे रहस्य कोणाला ठाऊक असेल काय, अशी शंका व्यक्त झाली आहे. बुद्धकालीन विचारवंत संजय बेलट्ठिपुत्त परलोकासारख्या प्रश्नांवर होकार वा नकार देण्याचे टाळत असे, असे दीघनिकायात नमूद आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस यानेही देवांविषयी निश्चित ज्ञान होऊ शकत नाही, असे मत मांडले होते.

अज्ञेयवादासाठीचा इंग्रजी शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला. अज्ञेयवाद हा पंथ नसून विचार करण्याची पद्धत आहे, आणि पुराव्याने सिद्ध न होणारी गोष्ट निश्चित म्हणून सांगू नये, अशी त्यांची भूमिका होती.

महाराष्ट्रात

‘केसरी’चे पहिले संपादक व ‘सुधारक’ पत्राचे संस्थापक गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांना अज्ञेयवादी मानले जाते. मिल व स्पेन्सर यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांच्या सुधारणावादी मतांमुळे पुण्यातील विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली होती. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे आणि अभिनेते श्रीराम लागू यांनी आपला निरीश्वरवाद उघडपणे मांडला. डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका मात्र वेगळी आहे. समितीचा विरोध देवाधर्माला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे.

कायदेशीर स्थिती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सद्‌सद्‌विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिलेले आहे. आपण कोणताही धर्म मानत नाही, असे सांगण्याचा हक्क या स्वातंत्र्यात अंतर्भूत असून शासन कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला. या प्रकरणातील याचिकाकर्ते येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारे होते. त्यांना कोणताही धर्म मात्र मान्य नव्हता. यावरून निधर्मी व निरीश्वरवादी हे शब्द समानार्थी नाहीत, हे दिसून येते.

न्यायालयात साक्षीदाराला ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये धार्मिक विधींशिवाय विवाह करता येतो. तथापि हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा हिंदू कुटुंबात जन्मलेल्या व अन्य धर्म न स्वीकारलेल्या निरीश्वरवादी व्यक्तीलाही सामान्यतः लागू होतो. वैयक्तिक कायद्यात ‘धर्म नसलेल्यां’साठी स्वतंत्र गट नाही.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २८.६७ लाख व्यक्तींचा धर्म नमूद झालेला नव्हता. हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ०.२४ टक्के होते. धर्म न नोंदवणे आणि ईश्वर न मानणे या भिन्न बाबी असल्यामुळे ही संख्या निरीश्वरवाद्यांची म्हणता येत नाही.

हेही पहा

चार्वाक दर्शन
बुद्धिप्रामाण्यवाद
धर्मनिरपेक्षता
गोपाळ गणेश आगरकर