दोन फूट उंचीवरचा पिंजरा

प्लेगचा इतिहास म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें १८९७ सालचें पुणें उभें राहतें: घराघरांत शिरणारे गोरे सोजीर, अंगणांत फेकलेलें सामानसुमान, आणि २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेला गोळीबार. तो इतिहास विसरावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या काळीं आणखी एक प्रश्न अनुत्तरित होता. प्लेगचा जंतु माणसाच्या अंगांत शिरतो तो कोणत्या वाटेनें? या प्रश्नाचा निकाल पुढें मुंबईंत परळच्या प्रयोगशाळेंत लागला. ती हकीकत मात्र सुशिक्षित घरांतहि फारशी ठाऊक नसते.

जंतु सांपडला होता. येर्सीननें तो १८९४ सालीं हाँगकाँग येथें दाखविला होता. १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत साथ सुरू झाली तेव्हां डॉक्टरांच्या हातीं जंतु होता, वाट नव्हती. कोणी दूषित जमिनीस दोष देई, कोणी हवेस, कोणी धान्याच्या कोठारांस, तर कोणी रोग्याच्या कपड्यांस. सरकारनें यांपैकीं एकहि तर्क पारखून न पाहतां सर्वांवर एकदम चढाई केली. घरें औषधी पाण्यानें धुतलीं, भिंतींस चुना फांसला, कौलें उतरविलीं, कपडे जाळले, माणसें छावण्यांत नेलीं. आतां साथ ओसरली तर ती कशानें ओसरली, आणि पुन्हां उसळली तर काय करावयाचें राहून गेलें, हें अशा कारभारांत कोणास सांगतां यावें?

खेड्यांतील लोकांस मात्र एक गोष्ट कळून चुकली होती: उंदीर पडूं लागले म्हणजे गांव सोडून रानांत झोपड्या घालाव्या. निरीक्षण बिनचूक होतें; पण निरीक्षण म्हणजे अभ्युपगम नव्हे. ज्यास इंग्रज हायपॉथेसिस म्हणतात तो अभ्युपगम अशा शब्दांत मांडावा लागतो कीं, तो खोटा असल्यास कशानें खोटा ठरेल हें आधींच ठरून जावें. ‘उंदीर आणि प्लेग यांचा कांहीं संबंध आहे’ हें विधान कधींच हरत नाहीं, म्हणून त्याचा उपयोगहि बेताचाच. ‘उंदरावरील पिसू हीच वाट, पिसू वगळली तर आजारी उंदराच्या शेजारीं राहूनहि निरोगी उंदीर मरणार नाहीं’ असें म्हणणाऱ्यानें मात्र आपली मान पुढें केली.

ती मान सिमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ च्या जूनमध्यें कराचीस पुढें केली. काचेच्या मोठ्या बरणींत पिसवांसह एक प्लेगग्रस्त उंदीर ठेवला, आणि त्याच बरणींत जाळीच्या लहान पिंजऱ्यांत निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श अशक्य. पिसवांची उडी शक्य. कांहीं दिवसांत वरचा उंदीर प्लेगनेंच मेला. पिसवा नसतां हीच मांडणी केली, तेव्हां रोग वर चढला नाहीं. आमच्या नैयायिकांनीं यास अन्वय आणि व्यतिरेक म्हटलें असतें, व दोन्ही असल्यावांचून कारण मानण्यास ते राजी झाले नसते. परंतु वैद्यकांतील थोरामोठ्यांनीं सिमाँची थट्टाच केली, आणि त्याच सालीं नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशननेंहि त्याचें मत मानलें नाहीं. युरोपांतील उंदरांवरची पिसू माणसास सहसा चावत नाहीं, हा एक आक्षेप होता. इकडच्या उंदरांवरची पिसू निराळ्या जातीची असून ती माणसास चावते, इकडे आक्षेपकांचें लक्ष गेलें नाहीं.

पुढें १९०५ सालीं नवें संशोधनमंडळ नेमलें गेलें. लिस्टन, लँब, पेट्री आदिकरून मंडळी परळास कामाला लागली. त्यांच्या प्रयोगांपैकीं एक आम्हांस फार आवडतो, कारण त्याला पिंजरे आणि दोरी यांपलीकडे फारसें कांहीं लागलें नाहीं. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलींत कांहीं गिनीपिग जमिनीवर मोकळे सोडले, कांहीं जमिनीपासून दोन इंचांवर पिंजऱ्यांत ठेवले, कांहीं दोन फुटांवर टांगले. खोली तीच, हवा तीच, जनावर त्याच जातीचें. बदलली ती फक्त उंची. जमिनीवरचे आजारी पडले. दोन इंचांवरचेहि पडले, म्हणजे मातीचा स्पर्श हें कारण निकालांत निघालें. दोन फुटांवरचे वांचले. हवा तर त्यांच्याहि नाकांत जात होती, म्हणून हवाहि सुटली. ही पिसू चार-पांच इंचांहून उंच उडत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे तीन पिंजऱ्यांचा हिशेब बरोबर जुळतो.

फुफ्फुसांचा प्लेग श्वासावाटे पसरतो, त्याची गोष्ट वेगळी. येथें प्रश्न गांठीच्या प्लेगचा होता. त्याविषयीं याच मंडळास आणखी एक गोष्ट दिसून आली. पिसवा नसलेल्या जागीं प्लेगनें आजारी पडलेल्या गिनीपिग माद्यांचें दूध त्यांचीं पिल्लें पीत राहिलीं, आणि पिल्लांस कांहीं झालें नाहीं. नऊ वर्षांपूर्वीं पुण्यांत रोग्यास इस्पितळांत व त्याच्या घरच्या माणसांस वेगळ्या छावणींत नेत असत, तें हाच स्पर्श टाळण्यासाठीं.