शब्दवेध : उत्क्रांती

दहावीच्या विज्ञानात धडा म्हणून भेटणारा ‘उत्क्रांती’ हा शब्द मुळात मरणाच्या घरचा. संस्कृतात ‘उत्क्रान्ति’ म्हणजे वर किंवा बाहेर निघून जाणे. ब्रह्मसूत्रांत तो जीवाने देह सोडण्यासाठी येतो. मराठीने तोच ‘इव्होल्यूशन’ला दिला. या इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ गुंडाळी उलगडण्याचे. डार्विनच्या उत्क्रांतीविषयक ग्रंथाच्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत मात्र हे नाम नाहीच!

मराठी बायबलचे पहिले पुस्तक ‘उत्पत्ती’, आणि डार्विनच्या ग्रंथनामाचा मराठी अर्थही ‘जातींची उत्पत्ती’ असाच. उत्पत्ती कर्त्याविषयी गप्प राहते. ‘निर्मिती’ म्हटले की निर्माता आलाच.

वाशिममध्ये १९३०च्या दशकात रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभारणाऱ्या नाझरीन या ख्रिस्ती मंडळीचे नियमपुस्तक इथे वाचण्याजोगे आहे. देव निर्माता, हे त्यात ठाम. सृष्टीच्या स्वरूपाविषयीच्या वैज्ञानिक स्पष्टीकरणांना दारही खुले. विरोध आहे तो विश्वाच्या आणि माणसाच्या आरंभाचा ‘निरीश्वर’ अर्थ लावण्याला. सारा भार एका विशेषणावर.

आज चर्चेत ‘उत्क्रांतीवर विश्वास आहे का?’ असे श्रद्धेच्या भाषेत विचारतात, जीवशास्त्राचे शिक्षक ‘पुरावे’ म्हणतात, आणि जाहिरातवाले खुशाल मोबाइलचीही उत्क्रांती करतात.