विषय बोर्डाच्या यादीत आहे, मग कॉलेजात का नाही? अमरावती-अकोल्यातल्या मुलांची विषयनिवड नेमकी कुठे अडते?

‘आधी दहावी होऊ दे, मग पाहिजे तो विषय घे.’ वऱ्हाडातल्या घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. दहावी होते, अकरावीला प्रवेशही मिळतो आणि मग कळतं की पाहिजे तो विषय त्या कॉलेजात नाहीच. कुणाला मानसशास्त्र घ्यायचं असतं, कुणाला संगीत, कुणाला गणितासोबत भूगोल. शेवटी जे आहे त्यातलंच घ्यावं लागतं. ‘पोरगं नाराज आहे, होईल दोन दिवसांत ठीक’ म्हणून घरचे विषय संपवतात. पण ही नाराजी बिनबुडाची नाही. तिच्यामागे व्यवस्थेचं एक गणित आहे.

दहावीत निवड किती?

जवळपास नाहीच. राज्य मंडळाच्या दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे एकूण ६०० गुण असतात. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, पण परीक्षा सगळ्याच विषयांची द्यावी लागते.

निवड उरते ती मुख्यतः भाषेत. पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत किंवा दोन्ही अर्धे-अर्धे घेऊन संयुक्त. शाळेत संस्कृतचे शिक्षक नसतील तर तीही निवड संपते. रिटेल, ऑटोमोबाइल, हेल्थकेअर असे कौशल्य विषय आहेत, पण ती योजना ज्या शाळांत मंजूर आहे तिथेच. गणित जड जाणाऱ्यांसाठी काही वर्षं ‘सामान्य गणित’ होतं, तेही पुढे बंद झालं.

बारावीची यादी मात्र लांबलचक

अकरावी-बारावीला इंग्रजी अनिवार्य, एक दुसरी भाषा (तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येतं) आणि चार ऐच्छिक विषय असतात. ऐच्छिक विषयांच्या यादीत तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, भूगर्भशास्त्र, चित्रकला, बालविकास असं बरंच काही आहे. शिवाय २०० गुणांचे द्विलक्षी विषय आहेत, जसे इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स. द्विलक्षी विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो.

म्हणजे मंडळाने विषय नाकारलेला नसतो. तो अडतो कॉलेजच्या दारात.

कॉलेजात का अडतो?

कनिष्ठ महाविद्यालयाला प्रत्येक विषयाची वेगळी मान्यता लागते. अनुदानित संस्थेत तो शिकवणाऱ्या शिक्षकाचं पद संचमान्यतेवर ठरतं, म्हणजे विद्यार्थी किती आणि तासिका किती यावर. एखाद्या विषयाला सात-आठच मुलं आली तर पद धोक्यात येतं आणि शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरू शकतो. शिक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, तर विषय तासिका तत्त्वावर कसाबसा चालतो किंवा हळूच बंद होतो.

मग कॉलेज म्हणतं, मुलंच येत नाहीत. मुलं म्हणतात, विषयच नाही. दोघंही खरं बोलत असतात. स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजांना तर फीवरच चालायचं असतं, त्यामुळे हमखास वर्ग भरणारे विषयच तिथे उघडतात. सायन्सला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि आर्ट्सला इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी हा ठरलेला संच असा तयार होतो.

वऱ्हाडात हे जास्त का जाणवतं?

मंडळाच्या अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे येतात. दोन्ही शहरांत कॉलेजं बरीच आहेत, पण तालुक्याच्या गावी बहुतेकदा एक-दोनच. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, पण विषय निवडताना बसची वेळही बघावी लागते. अकोट किंवा दर्यापूरची मुलगी शहरात ये-जा करू शकते. मेळघाटातल्या धारणीच्या मुलीसाठी अमरावती म्हणजे घाटातून परतवाडामार्गे तासन्‌तासांचा रस्ता. शहरात राहायची सोय झाली नाही, तर तिची निवड तिच्या गावातलं कॉलेजच करतं.

ऑनलाइन प्रवेशाने हा प्रश्न सुटलेला नाही. अमरावती महापालिका क्षेत्रात ही केंद्रीय प्रक्रिया आधीपासून होती. २०२५-२६ पासून ती राज्यभर लागू झाली आणि अकोलाही तिच्यात आलं. अर्जात कॉलेज, शाखा आणि माध्यमाचा पसंतीक्रम देता येतो. पण त्या कॉलेजात कोणते विषय मंजूर आहेत हे आधी पाहिलं नाही, तर प्रवेश मिळूनही विषय हुकतो.

विसंगतीही इथे ठळक दिसते. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, भोवताली कापूस आणि सोयाबीन आहे, तरी क्रॉप सायन्स घ्यायचं तर ते शिकवणारं कॉलेज शोधावं लागतं. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, पण बारावीला शारीरिक शिक्षण हा गुणांचा नाही, श्रेणीचा विषय आहे.

एका विषयाने काय बिघडतं?

बारावीचा विषय म्हणजे पुढच्या दाराची किल्ली. इंजिनीअरिंगच्या एमएचटी-सीईटीला पीसीएम गट लागतो. बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्र हवं. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, भूदलाला कोणतीही शाखा चालते. इलेक्ट्रॉनिक्स घेताना बहुतेकदा जीवशास्त्र सुटतं आणि हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळीच दारं मात्र विषयावर अडत नाहीत. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, सीए फाउंडेशन, डीएलएड यांना कोणत्याही शाखेची बारावी चालते. ‘आर्ट्स घेतलं म्हणजे संपलं’ हे म्हणूनच खरं नाही.

हुकलेला विषय परत मिळतो का?

काही प्रमाणात मिळतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या अर्जात ‘तुरळक विषय’ असा एक प्रकार आहे. बारावी झालेल्यांना राहिलेल्या विषयाची परीक्षा त्यातून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही विषय घेता येतात. पीसीएम घेऊन नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर पूर्वी दार बंद होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते उघडलं. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही आता नीट देता येते. यात एखादं वर्ष जाऊ शकतं, पण रस्ता आहे.

नव्या धोरणाने काय बदलेल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला आर्ट्स, कॉमर्स, सायन्सच्या पक्क्या भिंती नको आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा आणि चार विषय आहेत, आणि हे चार किमान दोन वेगवेगळ्या गटांतले असावेत अशी अट आहे. म्हणजे भौतिकशास्त्रासोबत इतिहास किंवा संगीत घेता येईल. एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयातल्या वेळापत्रकानुसार महाराष्ट्रात नवा अभ्यासक्रम अकरावीला २०२७-२८ मध्ये आणि बारावीला २०२८-२९ मध्ये यायचा आहे.

पण संगीताचं पदच मंजूर नसेल तर ही निवडही कागदावरच राहील. छोट्या गावांसाठी एक उपाय जवळच्या कॉलेजांनी मिळून करण्यासारखा आहे. शिक्षक एक, शिकणारी मुलं दोन-तीन कॉलेजांची.

फॉर्म भरण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

या कॉलेजात यंदा कोणते विषय मंजूर आहेत? त्या विषयाला शिक्षक आहे का, की नुसतं माहितीपत्रकात नाव आहे? हा विषय सोडला तर पुढची कोणती प्रवेश परीक्षा देता येणार नाही?

ही उत्तरं कॉलेजच्या कार्यालयात पसंतीक्रम भरण्याआधी मिळतात. प्रवेश पक्का झाल्यावर विचारलं तर तीच उत्तरं मिळतात, फक्त तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.