शर्यत पाहणाऱ्यांविषयी

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून आम्ही लालबागला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आम्ही म्हणजे मराठी शिकवणारे तिघे प्राध्यापक. एक गिरगावचा, एक दादरची, एक लालबागचा. जन्म मुंबईत काढूनही तिघांपैकी एकानेही डर्बी पाहिलेली नव्हती. ती फेब्रुवारीतल्या एका रविवारी पाहिली आणि चहासाठी लालबागच्या मित्राच्या घरी आलो. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, जुन्नर तालुक्यातून तरुणपणी गिरणीत आलेले. त्यांनी विचारले, "जिंकलेल्या घोड्याचं नाव काय रे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. खोगिराखालच्या कापडावरचा आकडा आठवत होता, जॉकीच्या सदऱ्याचा रंग आठवत होता, बुकींच्या फळ्यावरचा भावही आठवत होता. नाव मात्र कोणालाच सांगता येईना. अण्णा हसले आणि म्हणाले, "बरं, राहू दे. पण म्हातारा झाल्यावर त्याला ठेवतात कुठं?" याचेही उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढील विवेचन त्या दोन प्रश्नांतून निघाले आहे.

मुंबईतील घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. आरंभी त्या भायखळ्याच्या मैदानावर होत. अरबी घोड्यांच्या आयातीचे मुंबई हे तेव्हा मोठे केंद्र होते. आखातातून जहाजाने आलेले घोडे येथे उतरत आणि लष्करात, संस्थानिकांच्या पागांत व शर्यतींत जात. १८८३ साली शर्यती महालक्ष्मीच्या सखल, दलदलीच्या जागेवर उभारलेल्या नव्या मैदानात आल्या. इंडियन डर्बी प्रथम धावली ती १९४३ साली आणि 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही बडोद्याच्या महाराजांची घोडी ती जिंकली. चार वर्षांच्या घोड्यांची, २,४०० मीटरची ही शर्यत अडीच मिनिटांच्या आसपास संपते. वाचकांच्या लक्षात येईल की, ऐंशी वर्षांपूर्वीच्या विजेत्या घोडीचे नाव आम्ही आता सांगू शकतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या विजेत्याचे सांगू शकलो नव्हतो.

परंतु या शहरात घोडा केवळ शर्यतीपुरता नव्हता. ९ मे १८७४ रोजी मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढलेली. कुलाब्याहून पायधुणीला आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला ती जात असे. म्हणजे गिरगावकरांच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावरून. कंपनीच्या तबेल्यांत सुमारे ९०० घोडे होते. १९०५ साली घोड्यांची ट्राम थांबली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. व्हिक्टोरिया मात्र बरीच वर्षे टिकली; पुढे ती मरीन ड्राइव्हवर पर्यटकांना फिरवण्यापुरती उरली आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरवल्या. शहरातून कष्टकरी घोडा जवळजवळ गेला. धावणारा घोडा राहिला.

यावरून एक सोपा सिद्धान्त सुचतो: प्राण्याचे काम संपले की त्याची शर्यत उरते. या सिद्धान्ताचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याकडचे नाही, अलास्काच्या बर्फातले आहे. १९२५ च्या हिवाळ्यात नोम या गावात घटसर्पाची साथ आली. रेल्वे जिथे संपत होती तिथून नोमपर्यंत ६७४ मैल बर्फच बर्फ होता. वीस गाडीवानांनी सुमारे दीडशे कुत्र्यांच्या बळावर, एकाने दुसऱ्याकडे सोपवत, ते औषध साडेपाच दिवसांत पोहोचवले. शेवटच्या टप्प्यावर म्होरक्या असलेल्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. पुढे स्नोमोबाइल आली, कुत्र्यांची गाडी अडगळीत गेली आणि ती विद्या नष्ट होऊ नये म्हणून जो रेडिंग्टन यांच्या पुढाकाराने १९७३ साली अँकरेज ते नोम अशी इडिटारॉड शर्यत सुरू झाली. आज हिवाळ्याच्या अखेरीस लोक बर्फात उभे राहून ती पाहतात. त्यांच्या टाळ्यांत कौतुक असते आणि एका संपलेल्या श्रमाची आठवणही असते.

येथे एक तपशील नोंदवणे आवश्यक वाटते. कुत्र्यांनी वाहून नेलेले ते औषध घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेले होते. आमच्या परळच्या हाफकिन संस्थेला हे तंत्र अपरिचित नव्हते. गव्हर्नरच्या जुन्या निवासात १८९९ पासून असलेल्या या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले तेही १९२५ सालीच. पुढे तेथे सर्पदंशावरचे औषध तयार होऊ लागले. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचायच्या आणि त्याच्या रक्तात निर्माण झालेला उतारा माणसासाठी काढून घ्यायचा, ही त्याची रीत. कोकणात किंवा घाटावर साप चावून वाचलेल्या किती शेतकऱ्यांचा जीव अशा अनाम घोड्यांना बांधील आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही. रेसकोर्स तेथून तीन-चार किलोमीटरवर आहे. या घोड्यांना मात्र प्रेक्षक नव्हते.

तथापि, वरील सिद्धान्त महालक्ष्मीला लावताना अडखळायला होते. तेथे धावणारा घोडा हा ट्राम ओढणाऱ्या घोड्याचा वारस नव्हे. तो शर्यतीसाठीच पैदास केलेला, वंशावळ जपलेला प्राणी आहे. त्याच्या पूर्वजांनी ओझे ओढलेले नाही. म्हणून त्याला पाहताना आपल्याला कोणताच श्रम आठवत नाही. जे आठवायचे ते भाव आणि आकडे. आमची विस्मृती केवळ वैयक्तिक नव्हती. त्या मैदानावर पाहण्याची रीतच तशी आहे.

अण्णांचा अनुभव वेगळा होता. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बैलगाडा शर्यत घाटात होते. चार बैल जुंपलेला गाडा, पुढे घोडेस्वार, भंडाऱ्याची उधळण आणि काही सेकंदांत संपणारी एकेक बारी. गिरणीतून रजा काढून अण्णा जत्रेला जात, ते बाऱ्या पाहण्यासाठी. प्रत्येक बैलाचे नाव, मालकाचे गाव, कोणत्या बाजारात तो घेतला, मागच्या वर्षी कोणत्या पायाने लंगडत होता, हे सारे त्यांना ठाऊक असे. तेथला प्रेक्षक स्वतः बैलामागे चाललेला असतो. म्हणून त्याला बैलाचे धावणे दिसते तसे दमणेही दिसते.

अर्थात, ओळख म्हणजे करुणा नव्हे. ओळखीच्या बैलालाही चाबूक, खिळे आणि शेपटी पिरगाळणे चुकत नसे, हे नाकारून चालणार नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या त्या याच कारणाने. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, त्याची शरीररचना धावण्यासाठी नाही, असेही न्यायालयाने म्हटले. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. याच न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. बंदीच्या सात वर्षांत गावाकडे 'साहेबांचा घोडा चालतो, आमचा बैल चालत नाही' अशी तक्रार ऐकू येई. तीत वर्गाचा सल खरा होता. पण त्या तक्रारीत बैलाची बाजू कोणीच मांडत नव्हते, हेही तितकेच खरे.

मग प्रेक्षकाचे कर्तव्य काय? शर्यती बंद कराव्यात की चालू ठेवाव्यात, हा निर्णय आम्ही येथे देत नाही. आम्हाला एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्याचे धावणे आपण पाहतो त्याचे न धावणेही आपल्या चौकशीचा विषय असले पाहिजे. अण्णांचा दुसरा प्रश्न हा होता. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्यांपैकी उत्तम ते पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात, काही घोडेस्वारी शिकवण्याच्या कामी येतात. बाकीचे प्रेक्षकाच्या नजरेआड होतात. टाळ्या वाजवणारा त्यांच्यामागे जात नाही.

हा प्रश्न अण्णांनीच विचारावा, यात आम्हाला नवल वाटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी ते एक. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे पाहायला लोक माना वर करतात. साचे थांबल्यावर ते चालवणारे हात कुठे गेले, हे विचारणारे थोडे. २०२४ साली रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचे ठरले तेव्हा एकरांची चर्चा पुष्कळ झाली. मोतद्दारांची आणि घोड्यांची किती झाली?

त्या रविवारचे एक दृश्य आता आठवते. शर्यतीआधी घोडे गोलाकार फिरवून लोकांना दाखवत होते. सगळ्यांचे डोळे हातातल्या पुस्तिकेत होते. एक मोतद्दार लगाम धरून चालता चालता आपल्या घोड्याशी सतत, हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता. त्याला नाव ठाऊक असणार. कठड्यापासून तो चार हातांवरून गेला. आम्ही विचारले असते तर त्याने सांगितलेही असते.