नॅनोकणांचा अभ्यास आणि अवरक्त वर्णपटमिती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : कडुनिंबाच्या पानांचा अर्क व सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण एवढ्या साधनांवर दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयातही चांदीचे नॅनोकण तयार करता येतात. द्रावण तपकिरी झाले की कण तयार झाल्याचे अनुमान निघते; मात्र ते एकमेकांना न चिकटता स्थिर कशामुळे राहतात, हा प्रश्न उरतो. त्याच्या उत्तरासाठी अवरक्त वर्णपटमितीचा आधार घेतला जातो.

ऐतिहासिक वाटचाल : इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांना सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे ठेवलेल्या तापमापीचा पारा अधिक चढलेला आढळला. १९०५ मध्ये विल्यम कोब्लेन्ट्झ यांनी शंभराहून अधिक संयुगांच्या मापनातून विशिष्ट अणुगट ठराविक ठिकाणी अवरक्त प्रारण शोषतात, हे दाखविले. १९६५ मध्ये कुली व ट्युकी यांनी मांडलेल्या जलद गणनपद्धतीमुळे मायकेल्सन यांचा व्यतिकरणमापी संगणकास जोडणे सुकर झाले व आजचे एफटीआयआर उपकरण प्रचारात आले.

महाराष्ट्रातील कार्य : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीपासून ५ ते १५ नॅनोमीटर आकाराचे चांदीचे कण मिळविले. बुरशीने स्रवलेली प्रथिने त्यांना स्थिर ठेवतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. कडुनिंबावरील त्यांचे कार्य २००४ चे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात महेंद्र राय व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फ्युझेरियम अॅक्युमिनेटमपासून मिळविलेल्या कणांची जिवाणुरोधक क्षमता तपासली.

अर्थनिर्णयातील दक्षता : ४०० ते ४००० प्रति सेंमी. या नेहमीच्या पट्ट्यात धातुरूप चांदीचे स्वतःचे शोषण दिसत नाही. म्हणजेच हा आलेख कणाचा नसून त्यावरील आवरणाचा असतो. १६५० जवळील शोषण प्रथिनांचे मानले जाते. परंतु पाणीही १६४० जवळ शोषण दाखविते. म्हणून नमुना धुऊन पूर्ण कोरडा करावा, १५४० जवळील दुसरे शोषणही पाहावे आणि मूळ अर्काच्या आलेखाशी तुलना करावी. आकारासाठी मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडेच जावे लागते.

निष्कर्ष : नमुना दूरच्या केंद्राकडे पाठवून आलेख मागविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ एक कागद येतो. त्यावरील ओलाव्याची खूण प्रथिन म्हणून नोंदली गेल्यास पुढील सर्व विवेचन निराधार ठरते. उपकरण दुसरीकडे असले, तरी अर्थनिर्णयाची जबाबदारी संशोधकाचीच असते.