मागील पानावरून पुढे

बँकेत दिवसाची शिल्लक दुसऱ्या दिवशी 'मागील पानावरून पुढे' ओढतात. स्वयंपाकघरातली हीच नोंद म्हणजे फोडणीचा भात. कॉमर्सच्या चार वर्षांत हे उदाहरण आम्हाला कुणी दिले नाही. दिले असते तर जमाखर्च आम्हाला निदान पचला तरी असता.

सध्या आमच्या हदगावात 'थाई फ्राइड राइस'ची साथ आहे. तेल, लसूण, मिरची, वाटल्यास अंडे, त्यावर भात. दहा मिनिटांत ताट. थाई लोक त्याला 'खाव फत' म्हणतात. खाव म्हणजे भात, फत म्हणजे परतणे. एवढा सरळ अर्थ निघाल्यावर आमची थोडी निराशाच झाली.

हे परतणे मूळचे चिनी. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून हजारो माणसे पोटासाठी सयामला गेली. त्यांच्याबरोबर त्यांची खोलगट कढई गेली, भात परतायची रीत गेली. सयामने 1939 साली स्वतःचे नाव बदलून थायलंड केले, पण कढई बदलली नाही. फक्त तीत मिठाऐवजी 'नाम प्ला' हा मासळीचा खारट रस ओतला. मिरची तर अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांमुळे ती सोळाव्या शतकात पूर्वेकडे आली. तिकडे सयामला पोचली, इकडे गोव्यात उतरली. म्हणजे त्यांची चटणी आणि आपला ठेचा तसे माहेरकडून नातेवाईकच! ते भाताशेजारी लिंबाची फोड आणि काकडीच्या चकत्या ठेवतात. आपण तरी दुसरे काय करतो?

फरक आहे तो भाताचा. पैनगंगेच्या अलीकडचा हा आमचा मुलूख ज्वारीचा. 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता, पण ताटात राज्य भाकरीचे. घरात भात शिजला की शेजारी विचारीत, "पाहुणे आलेत, का कुणी आजारी हाय?" मग फोडणीला भात उरणार कुठून? आमच्याकडे उरे ती भाकर आणि तिचे होत कुटके. 1972 च्या दुष्काळात तर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन माणसे जगली. त्या साली पुढे ओढायला मागचे पानच कोरे होते.

आता गंमत पाहा. ताजा भात परतला की त्याचा गोळा होतो. गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि शिते सुटी राहतात. म्हणून या पदार्थाला शिळाच भात लागतो. आमची कन्या त्यासाठी रात्री मुद्दाम भात शिजवून फ्रिजमध्ये ठेवते. आई ते बघून चक्रावली.

"शिळं मुद्दाम करायलीस का गं माय?"

बहात्तर साली आई सतरा वर्षांची, घरातली नवी सून. तेव्हापासून उरल्यासुरल्याचे खाते तिच्याच नावावर चालू आहे. सगळ्यांची पाने उठल्यावर, चुलीपाशी बसून, खरवडीसकट ती ते रोज बिनबोभाट बंद करी. त्या खात्यावर व्याज कुणी दिले नाही आणि ते कुणी तपासलेही नाही.

कन्येने भात परतला, वर लिंबू पिळले आणि पहिले ताट आजीपुढे ठेवले. आईने एक घास घेतला, जरा थांबली, म्हणाली, "मीठ बेताचं हाय. पण चांगलं झालंय."

पन्नासांहून अधिक वर्षांत शिळा भात तिला सर्वांच्या आधी मिळाला, तो हा पहिलाच.