लिओनार्दोचा अर्ज : जगातला ‘पहिला रेझ्युमे’ नेमका काय सांगतो?

१. रेझ्युमे कसा लिहावा, यावरील सल्ल्यांत एक वाक्य हमखास आढळते : जगातला पहिला रेझ्युमे लिओनार्दो दा विंचीने लिहिला. तो कागद खरोखरच अस्तित्वात आहे. मात्र तो बारकाईने वाचला की ‘पहिला’ आणि ‘रेझ्युमे’ हे दोन्ही शब्द डळमळू लागतात; आणि हाती लागणारा धडा प्रचलित सल्ल्याहून वेगळा निघतो.

२. काळ साधारण १४८२चा. लिओनार्दो तिशीत होता. फ्लॉरेन्समध्ये चित्रकार म्हणून तो परिचित होता. तरीही १४८१मध्ये एका मठासाठी स्वीकारलेले ‘मजायांचे वंदन’ हे मोठे चित्र अपूर्ण ठेवून तो मिलानला गेला. नव्या शहरात त्याला आश्रयदाता हवा होता.

३. मिलानची सत्ता तेव्हा लुडोविको स्फोर्झाच्या हाती होती; पण ड्यूक हे पद त्याचे नव्हते, ते त्याच्या अल्पवयीन पुतण्याचे होते. त्यातच १४८२मध्ये फेराराचे युद्ध पेटले आणि मिलान व्हेनिसच्या विरोधात उभे राहिले. थोडक्यात, लुडोविकोला दोन गोष्टींची गरज होती : शस्त्रबळ आणि प्रतिष्ठा.

४. त्याला उद्देशून लिहिलेल्या या पत्रात दहा मुद्दे आहेत. वाहून नेता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याची युक्ती, दगडांचा वर्षाव करणाऱ्या तोफा, आवाज न करता खोदायचे भुयार, आच्छादित युद्धरथ, नाविक युद्धाची साधने. पहिले नऊ मुद्दे युद्धाचे आहेत. शांततेच्या काळातील वास्तुरचना आणि जलव्यवस्था दहाव्या मुद्द्यात येतात.

५. आणि चित्रकला? ती त्यानंतर, शिल्पकलेच्या पाठोपाठ, जाता जाता येते. ज्या कलेत त्याचा हात सिद्ध झाला होता, तिला त्याने जवळजवळ शेवटचे स्थान दिले. हा विनय नव्हे. पत्राचा क्रम लिहिणाऱ्याच्या कर्तृत्वावरून ठरलेला नाही. तो वाचणाऱ्याच्या निकडीवरून ठरला आहे.

६. पत्राच्या अखेरीस एक खास प्रस्ताव आहे : लुडोविकोचे वडील फ्रान्चेस्को यांच्या स्मरणार्थ ब्राँझचा अश्व. फ्रान्चेस्को हे भाडोत्री सेनापती. १४५०मध्ये ते मिलानचे ड्यूक झाले. पुतण्याच्या नावाने राज्य करणाऱ्या मुलाला पित्याचे भव्य स्मारक किती उपयोगी पडेल, हे अर्जदाराने अचूक ओळखले होते.

७. आता या पत्रात काय नाही, ते पाहू. गुरूचे नाव नाही, पूर्वी केलेल्या एकाही कामाचा उल्लेख नाही. रेझ्युमे म्हणजे पूर्वकर्तृत्वाची नोंद, असे मानले तर हा रेझ्युमेच नव्हे. यात आहेत ती केवळ ‘मी करू शकतो’ अशी विधाने. युद्धयंत्रांचा कोणताही मोठा अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता.

८. मग विश्वास का ठेवावा? याचे उत्तर पत्रातच आहे. यांपैकी काही अशक्य वाटत असेल, तर आपल्या उद्यानात किंवा आपण सांगाल तेथे प्रयोग करून दाखवतो, असे तो कळवतो. अनुभवाचा दाखला नव्हता, म्हणून त्याने परीक्षेची तयारी दाखवली.

९. आता साधनचिकित्सा. हा कागद आज मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयातील ‘कोदेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आहे. त्यावर तारीख नाही. लिओनार्दो डाव्या हाताने, उजवीकडून डावीकडे लिहीत असे. हे अक्षर मात्र सरळ आहे आणि ते दुसऱ्या कुणाचे असावे, असे अभ्यासक मानतात. शिवाय तो त्याच्याच कागदपत्रांत मिळाला. म्हणजे हा मसुदा असावा. तो पाठवला गेल्याचा पुरावा नाही.

१०. त्यामुळे ‘या पत्रामुळे त्याला नोकरी मिळाली’ हे विधान टिकत नाही. मिलानमधील त्याचा पहिला ज्ञात करार २५ एप्रिल १४८३चा आहे. तो एका धार्मिक मंडळाशी झाला आणि तोही चित्रासाठी. दरबारातील स्थान त्याला पुढील काही वर्षांत मिळाले.

११. अश्वाचे काय झाले? त्याची प्रचंड मातीची प्रतिकृती १४९३मध्ये लोकांसमोर आली. १४९४मध्ये त्यासाठी राखलेले ब्राँझ तोफांसाठी पाठवले गेले. १४९९मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतले आणि त्यांच्या धनुर्धाऱ्यांनी त्या प्रतिकृतीवर नेमबाजी केली. पत्रातील सर्वांत मोठे आश्वासन युद्धानेच गिळले.

१२. १५०२मध्ये चेझारे बोर्जाने मात्र त्याला किल्ल्यांच्या पाहणीसाठी लष्करी अभियंता म्हणून रीतसर नेमले. वीस वर्षांपूर्वी कागदावर केलेला दावा तेव्हा पदनामात उतरला.

१३. आज पदवी हाती घेऊन पहिला बायोडेटा लिहिणाऱ्यांचा अनुभवाचा रकाना रिकामाच असतो. लिओनार्दोच्या मसुद्यातून त्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात : समोरच्याची गरज ओळखून क्रम लावावा, आणि जे करून दाखवण्याची तयारी आहे तेच लिहावे. तिसरी गोष्ट इतिहासाने नंतर जोडली आहे : उत्तम अर्ज आणि मिळालेले काम यांच्यात सरळ रेषा क्वचितच असते. उत्तर आले नाही, म्हणजे अर्जदार अपात्र होता असे नव्हे.